पहिल्या टीच्या आधी खांदा आणि पाठ कशी मोकळी करता?

खाडीपल्याड
मंडळी, प्रश्न साधा आहे पण दोन महिने छळतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.
मी घोडबंदर रोडला राहतो, ऑफिस ऐरोलीला, वय ४७, दिवसाचे नऊ-दहा तास लॅपटॉपपुढे. दोन वर्षांपूर्वी गोल्फ सुरू केलं, खारघरला सिडकोच्या कोर्सवर, आणि खरं सांगतो आयुष्यात इतका आनंद दुसऱ्या कुठल्या खेळाने दिला नाही. रविवारी पहाटे पाचला निघतो, कापूरबावडी, कळवा पूल, विटावा, मग ठाणे-बेलापूर रोडने सरळ. पोचलो की डिकीतून बॅग काढायची, बूट चढवायचे, हवेत दोन-तीन स्विंग मारायचे आणि पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहायचं, एवढीच माझी तयारी.
आता झालंय असं की बॅकस्विंग (फटक्याआधी काठी मागे-वर नेणं) वर गेला की डाव्या खांद्याच्या मागे आणि डाव्या खवाट्याच्या आतल्या कडेला कळ येते. मी उजवा खेळाडू आहे. पहिले तीन-चार होल हात वर जातच नाही धड, बॉल उजवीकडे पळतो, आणि पाचव्या-सहाव्या होलला अंग गरम झालं की कळ गायब. म्हणजे आजार नसावा, तयारीच कमी पडत असावी असं वाटतं. तुम्ही नक्की काय करता, किती वेळ करता, आणि मागे लोक खोळंबलेले असताना कसं जमवता?

बंकरवीर
दादा मी पण डिकीतून बॅग काढतो तोच माझा वॉर्मअप 😀 तेरा किलोचं धूड आहे, उचललं की घाम फुटतो. पण उत्तरं वाचायला बसलोय, मला पण हवंय हे.

पाचपाखाडीकर_आजोबा
वय ७१. तीस वर्षं खेळतोय. आमच्या वेळी कोणी व्यायाम बियाम करत नव्हतं, क्लबहाऊसपासून पहिल्या टीपर्यंत पायी चालायचं आणि मारायचं. पहिले तीन होल सगळ्यांचेच वाईट जातात, तो खेळाचा भाग आहे. उगाच दुखण्याला मोठं करू नये माणसाने. चालत राहा.

सेव्हन_आयर्न
आजोबा, आदर ठेवून असहमत. तुम्ही रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मारता असं दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतंत. तुमचं अंग पहाटेच चाललेलं असतं. खाडीपल्याड दादा तासभर स्टिअरिंग धरून, सीटबेल्टमध्ये पाठ गोल करून येतात आणि उतरून लगेच ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, काढतात. दोन्हीत फरक आहे.
आणि "हवेत दोन-तीन स्विंग" याबद्दल. ऑस्ट्रेलियात हौशी गोल्फर्स खेळायच्या आधी काय करतात ते कोणीतरी चक्क उभं राहून बघितलं होतं, हजाराच्या वर लोक. जेमतेम अर्धे काहीतरी करत होते आणि त्यातलेही बहुतेक फक्त हवेत क्लब (गोल्फची काठी) फिरवत होते. म्हणजे आपण जगापेक्षा वेगळे नाही. पुढे २००४ साली त्याच मंडळींनी काही खेळाडूंना ठरवून वॉर्मअपचा कार्यक्रम दिला, सात आठवड्यांनी त्यांच्या क्लबचा वेग चांगलाच वाढला होता. मी हे वाचून सुरू केलं. वेग किती वाढला मला माहीत नाही, मोजला नाही, पण पहिल्या होलचा माझा स्कोअर सुधारला हे पक्कं.

वाशीची_फिजिओ
हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे लांबण लागणार, सांभाळून घ्या.
दादा, इथे लिहिलेलं वाचून तुमच्या खांद्याचं निदान मी करणार नाही, ते हात लावून बघितल्याशिवाय होत नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते ऐकल्यावर माझं लक्ष खांद्याकडे जाण्याआधी पाठीकडे जातं.
हिशोब बघा. पूर्ण बॅकस्विंगमध्ये खांदे साधारण ९० अंश वळतात आणि कंबर ४५. मधले ४५ अंश कण्याने द्यायचे असतात. कंबरेचे पाच मणके वळण्यासाठी बनलेलेच नाहीत, ते पुढे-मागे वाकण्यासाठी आहेत, सगळे मिळून एका बाजूला दहा अंश दिले तरी खूप. उरलेलं सगळं यायचं ते मानेखालच्या बारा मणक्यांतून, ज्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. ते एका बाजूला साधारण ३५ अंश देतात. म्हणजे बेरीज जुळते, पण अगदी काठावर जुळते. वरची पाठ आखडलेली असेल आणि तिने ३५ च्या जागी २० च दिले तर बाकीचे कुठून आणणार? डावा हात छातीवरून जास्त ओढला जातो, खांद्याच्या मागच्या बाजूला ताण येतो, नाहीतर कंबर भरून काढते. माझ्याकडे येणारे निम्मे गोल्फवाले खांदा नाहीतर कंबर घेऊन येतात आणि खोट असते वरच्या पाठीत.
आत्ता खुर्चीत बसल्या बसल्या करून बघा. हात छातीवर क्रॉस करा. आधी लॅपटॉपपुढे बसतो तसं पोक काढा आणि उजवीकडे वळा, नजर कुठपर्यंत गेली ती खूण लक्षात ठेवा. आता ताठ बसा, छाती वर, आणि परत वळा.

खाडीपल्याड
ताई ऑफिसमध्येच केलं. पोक काढून वळलो तर शेजारच्याच्या मॉनिटरपर्यंत नजर गेली. ताठ बसून वळलो तर थेट पॅन्ट्रीच्या दारापर्यंत. इतका फरक??? शेजारचा विचारतोय काय चाललंय म्हणून, त्याला पण करायला लावलं.

बंकरवीर
आमच्या इथे अख्खी लाइन वळतेय आता 😂 मॅनेजरपण.

वाशीची_फिजिओ
हेच म्हणायचं होतं. तेच शरीर, तेच मणके, फक्त बसण्यात बदल. म्हणून वॉर्मअपची सुरुवात खांदे गरगर फिरवण्याने करू नका, आधी पाठ सरळ होऊन वळायला लागू द्या.
मी पेशंट्सना जे सांगते ते असं. गाडीतून उतरलात की दोन-तीन मिनिटं झपझप चाला, हात मोकळे हलवत, पार्किंगमध्येच. अंगात ऊब आल्याशिवाय काही ताणू नका. मग खवाटे एकमेकांकडे मागे ओढायचे, जणू मधे पेन्सिल धरलीय, दोन सेकंद धरून सोडायचे, दहा वेळा. खांदे कानाकडे जाता कामा नयेत, लोक इथेच चुकतात. मग हातांची वर्तुळं, लहानापासून मोठी, पुढून मागे जास्त. मग क्लब घ्या, दोन्ही हातांनी रुंद धरून डोक्यावर न्या, कोपर सरळ, आणि हळू डावीकडे-उजवीकडे झुका. बरगड्यांमध्ये श्वास जातोय असं वाटलं पाहिजे.
मग मुख्य. क्लब खांद्यांवर आडवा, हात क्रॉस करून धरलेला, बॉलपुढे उभं राहता तसं कंबरेतून झुका, आणि फक्त छाती वळवा. आधी कंबर जागेवर ठेवून आठ-दहा वेळा, मग कंबर सोडून पूर्ण वळण आठ-दहा वेळा. दोन्ही बाजूंनी. सगळ्याला मिळून सात-आठ मिनिटं.

सानपाडा_सखी
ताई, "दोन्ही बाजूंनी" हे अधोरेखित करते. मी ५२ ची, गेली सहा वर्षं खेळते, आणि आमचा कॅडी, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारा, तिथल्याच गावातला मुलगा, त्याने मला हे शिकवलं. तो म्हणाला मॅडम उलटा पण फिरवा, डावखुऱ्यासारखा. मला वाटलं मस्करी करतोय. पण दिवसभर आपण एकाच बाजूला शंभरेक वेळा वळतो, सरावाचे स्विंग धरून, त्यामुळे आधी पाच-सहा उलटे स्विंग हळू मारले की अंग समतोल वाटतं. तो स्वतः टॉवेल घेऊन करतो. ओल्या टॉवेलची दोन टोकं धरून हात सरळ वर, मग डोक्यामागे, परत पुढे. जमेल तेवढंच मागे. पहाटे गवतावर दव असतं, समोर पांडवकड्याचा डोंगर, आणि हा पोरगा शांतपणे टॉवेल मागे-पुढे करतोय, ते बघूनच खांदे सैल होतात.

लेगस्पिनर_डोंबिवली
गोल्फ खेळत नाही, क्रिकेटवाला आहे, तरी बोलतो. आम्हाला कोचने रबर बँड दिला होता. कोपर अंगाला चिकटवून, मधे रुमालाची घडी दाबून, हात बाहेर फिरवायचा. रुमाल पडला की व्यायाम चुकला. पंधरा वेळा. बॉल टाकायच्या आधी खांद्याच्या आतले लहान स्नायू जागे होतात म्हणे. गोल्फला चालेल का?

वाशीची_फिजिओ
चालेल काय, हवाच. रोटेटर कफ म्हणतात तो चार स्नायूंचा गट आहे, खांद्याच्या वाटीत दंडाच्या हाडाचा गोळा धरून ठेवतो. आपल्या खांद्याची वाटी फार उथळ असते, म्हणून हात इतका सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच तो सांभाळावा लागतो. गोल्फचा डाउनस्विंग जेमतेम पाव सेकंदाचा असतो. तेवढ्यात क्लब खाली येऊन बॉलवरून पुढे जातो आणि मग फॉलोथ्रूमध्ये डाव्या खांद्याला ब्रेक लावायचा असतो. झोपलेल्या स्नायूने ब्रेक कसा लागेल? रुमालाची युक्ती फार छान. हलकाच बँड घ्या, दमायचं नाहीये, जागं करायचंय.

मुद्गलप्रेमी
सगळे बँड बँड करताय, आपल्याकडे मुद्गल होते की! कळव्याला लहानपणी तालमीत जायचो, वस्ताद सकाळी आधी जोर-बैठका आणि मग मुद्गल. डोक्यामागून फिरवून पुढे, एकेका हाताने. खांदा, खवाटा, मनगट, पंजाची पकड, सगळं एकदम. इंग्रजांनी ते इथून उचललं आणि तिकडे इंडियन क्लब नावाने शाळांमधून शिकवलं, १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये तर त्याची स्पर्धा होती. घरी दोन हलके मुद्गल ठेवा, एक-दीड किलोचे, रोज पाच मिनिटं. खांदा सहसा धरणार नाही.

सेव्हन_आयर्न
मुद्गल अप्रतिम, पण ज्याला आधीच कळ येतेय त्याने एकदम सुरू करू नये असं मला वाटतं. तालमीत वस्ताद समोर उभा असायचा, चूक झाली की थांबवायचा. व्हिडिओ बघून डोक्यामागे वजन फिरवणं वेगळं.

मुद्गलप्रेमी
बरोबर आहे, मान्य. आधी रिकाम्या हाताने तीच हालचाल करायची, आम्हाला पहिले पंधरा दिवस तेच दिलं होतं. वस्ताद म्हणायचे, कोपर आकाशाकडे बघू दे. कोपर खाली पडलं की पाठीवर थाप बसायची.

नेरुळचा_पक्षीवाला
विषयांतर करतो माफ करा. गोल्फ म्हटलं की आम्हा सीवूड्स-नेरुळवाल्यांना ती पाणथळ आठवते जिथे गोल्फ कोर्स करायचा घाट घातला होता. हायकोर्टाने २०१८ ला अडवलं. हिवाळा ते मे तिथे फ्लेमिंगो असतात, संध्याकाळी नुसतं गुलाबी होतं पाणी. तुम्ही खेळा, खेळाला विरोध नाही, पण खारघरला आहे ना कोर्स, पक्ष्यांची जागा पक्ष्यांना राहू द्या.

सानपाडा_सखी
शंभर टक्के तुमच्या बाजूने. मी गोल्फर आहे आणि सह्यांच्या मोहिमेत सही पण केली होती. पाणथळीवर खेळायचं मला कधीच नव्हतं.

खाडीपल्याड
माझंही तेच मत पक्षीवाले. ऐरोलीला खाडीकडेला जेवणाच्या सुट्टीत जातो, फ्लेमिंगो बघितले की दिवस चांगला जातो. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पाचपाखाडीकर_आजोबा
फिजिओताई, तुमचा खुर्चीवरचा प्रयोग मी करून बघितला. ताठ बसून सुद्धा मी फार वळलो नाही. माझी सून बघत होती, म्हणाली बाबा तुम्ही मानच वळवताय, छाती हलतच नाहीये. आता काय करावं?

वाशीची_फिजिओ
आजोबा, सूनबाईंची नजर चांगली आहे! वयाने बरगड्यांचे सांधे कडक होतात, ते होणारच, पण जे आहे ते वापरात ठेवता येतं. तुम्ही कोर्सवर नको, घरी गादीवर करा. कुशीवर झोपा, गुडघे दुमडून एकावर एक, मधे उशी. दोन्ही हात समोर सरळ, तळवा तळव्यावर. वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा उचलून पलीकडे न्या, नजर हाताबरोबर, गुडघे मात्र चिकटलेले राहू देत. हात पलीकडे जमिनीला टेकायलाच पाहिजे असं नाही. तिथे तीन श्वास घ्या, सोडताना हात आपोआप थोडा आणखी खाली जातो, तो जाऊ द्या, ढकलू नका. प्रत्येक बाजूला पाच. सकाळी उठल्यावर आणि झोपायच्या आधी.
आणि मार्जारासन येत असेल तर ते पण. फक्त कंबर वाकवू नका, खवाट्यांच्या मधली जागा वर उचलायची आणि खाली सोडायची.

पाचपाखाडीकर_आजोबा
पान उलटायचा व्यायाम आवडला. करून बघतो आणि सांगतो.

येऊरची_चिमणी
माझा प्रश्न. मी योगवर्गाला जाते, तिथे हात छातीवरून पलीकडे ओढून तीस सेकंद धरायला लावतात. गोल्फच्या आधी तेच करते. हे बरोबर की चूक? मैत्रीण म्हणते खेळायच्या आधी स्ट्रेच धरूनच ठेवू नये.

सेव्हन_आयर्न
मैत्रीण बरोबर सांगतेय. खेळायच्या अगदी आधी एकाच जागी लांब वेळ स्नायू ताणून धरला तर थोड्या वेळापुरती त्याची ताकद कमी होते, गोल्फवर पण तपासलंय हे, क्लबचा वेग आणि अंतर दोन्ही घटले. त्यामुळे आधी हालचाल आणि नंतर धरून ठेवणं. अठरा होल झाल्यावर, चहा यायच्या आधी, तोच स्ट्रेच तीस सेकंद धर, तिथे तो उपयोगाचा.

वाशीची_फिजिओ
+१. फक्त एक भर. ज्यांना खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचतं त्यांनी हात छातीवरून ओढायचा स्ट्रेच नंतर सुद्धा जोर लावून करू नये.

बंकरवीर
ती स्पॅनिश माणसाची गंमत कोणी सांगितलीच नाही अजून! मिगेल आंखेल हिमेनेझ. तोंडात सिगार, कंबर गोल गोल फिरवतोय, क्लब धरून खांदे हलवतोय, लोक मोबाइल काढून शूट करतायत. हसायला येतं बघून पण हाच माणूस २०१४ ला पन्नाशी ओलांडून युरोपियन टूरवर जिंकला, त्या टूरवरचा सगळ्यात वयस्कर विजेता ठरला. मी बघितल्यापासून मला पार्किंगमध्ये हात फिरवायची लाज वाटत नाही. सिगार सोडून बाकी सगळं घ्या त्याचं.

खाडीपल्याड
लाज हा मुद्दा काढलात बरं झालं. खरंच वाटतं हो. पहिल्या टीवर आठ जण उभे असतात आणि आपण एकटेच पंखे हलवतोय.

सानपाडा_सखी
टीवर करूच नका, तिथे गर्दी असतेच. पुटिंग ग्रीनच्या (बॉल हळू ढकलायचा सराव करतात त्या हिरवळीच्या) मागे कोपरा असतो तिथे करा. आणि महिनाभर करा, चारातले दोघं तुमच्याबरोबर सुरू होतात. आमच्या चौघींचं असंच झालं, आता एखादी उशिरा आली तर बाकीच्या तिघी तिला आधी हात फिरवायला लावतात मगच बॉल ठेवायची टी जमिनीत टोचू देतात.
आता माझा अनुभव सांगते कारण मला तो कोणी आधी सांगितला नव्हता. मला डायबेटिस आहे. तीन वर्षांपूर्वी खांदा दुखायला लागला तेव्हा मी पण हेच म्हटलं, वॉर्मअप कमी पडतोय. व्यायाम वाढवला. दोन महिन्यांत अशी वेळ आली की पाठीमागे हात नेऊन हूक लावता येईना, रात्री कुशीवर झोपता येईना. एका ठिकाणी दाखवलं तिथे नुसत्या गोळ्या दिल्या, हात हलवून बघितलासुद्धा नाही. फार वेळ गेला त्यात. शेवटी दुसरीकडे कळलं फ्रोझन शोल्डर, खांदा आखडून जाम होतो तो. वर्ष-दीड वर्ष खेळ बंद. आता परत खेळते, पण तो काळ आठवला की आजही डोळ्यात पाणी येतं. म्हणून दादा, तुमची कळ अंग गरम झाल्यावर जाते हे चांगलं लक्षण असेलही, तरी एकदा दाखवून या.

वाशीची_फिजिओ
सखीताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. चाळीस ते साठ वयात आणि डायबेटिस असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. घरच्या घरी एक ढोबळ खूण सांगते. कोपर अंगाला चिकटवा आणि दुसऱ्या कोणालातरी तुमचा हात हळूच बाहेर फिरवायला सांगा. तुम्ही जोर लावायचा नाही. दुसऱ्याने फिरवूनही हात जात नसेल, दाराला खिट्टी लावल्यासारखा अडत असेल, तर तिथे वॉर्मअपने काम होणार नाही, दाखवा. रात्री झोपमोड होणारं दुखणं, हात वर उचलताच न येणं, बोटांना मुंग्या येणं, यातलं काही असेल तरी दाखवा.
आणि हे सगळ्यांसाठी, विशेषतः पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी. डावा खांदा दुखतोय, सोबत छातीत दडपण, घाम, धाप, आणि ते हात हलवण्यावर अवलंबून नाही, चढ चढताना वाढतंय, तर खेळ तिथेच सोडा आणि थेट हॉस्पिटल गाठा. खांदा समजून थांबू नका.

कळव्याची_माई
गोल्फ आमच्या घरी कोणी खेळत नाही पण धागा शेवटपर्यंत वाचला. मी शाळेत बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, उजवा खवाटा कायम भरलेला असायचा, उसण भरली की आई गरम मिठाची पुरचुंडी फिरवायची. ते खवाटे मागे ओढायचं आज केलं, भिंतीला पाठ टेकून. आत कुठेतरी कट्‌कन आवाज आला आणि बरं वाटलं. आवाज आला तर चालतो का?

वाशीची_फिजिओ
माई, आवाजासोबत दुखलं नाही तर चालतो. भिंतीला पाठ टेकून उभ्याच आहात तर हात पण भिंतीला टेकवा, कोपरात वाकवून, आणि भिंतीवरून घासत वर न्या खाली आणा. कंबर भिंतीपासून सुटू देऊ नका. फळ्यावर लिहिण्याच्या बरोबर उलट हालचाल आहे ती.

बंकरवीर
बॅगेचं काय करायचं ते कोणी सांगेल का? मी एकाच खांद्यावर टाकतो, उजव्या.

सेव्हन_आयर्न
दोन पट्ट्यांची बॅग घे, सॅकसारखी पाठीवर बसते. नाहीतर ट्रॉली, आणि तीही ओढू नको, ढकल. मागे हात करून अठरा होल ओढली की खांदा मागे खेचलेलाच राहतो. आणि चौदाच्या चौदा क्लब लागतातच असं कुठे लिहिलंय, नियमाने चौदा ही कमाल मर्यादा आहे. मी दहा नेतो.
वॉर्मअप झाल्यावर पहिला क्लब कुठला काढायचा हे राहिलंच. वेज, म्हणजे जवळच्या फटक्याचा क्लब. अर्धे स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत, दहा बॉल. मग सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) दहा, आणि ड्रायव्हर चार-पाच, बस. सरावाच्या रेंजवर जाऊन पहिला ड्रायव्हर काढणारे बघितले की माझाच खांदा दुखतो. आणि मधे एखाद्या होलला पुढचा ग्रुप रखडला, दहा मिनिटं उभं राहावं लागलं, तर तेव्हा परत क्लब खांद्यावर घेऊन दहा वेळा वळा. पावसाळ्यात आणि जानेवारीच्या पहाटे तर नक्की.

खाडीपल्याड
तीन आठवड्यांनी परत येतोय, सांगायला.
पहिलं म्हणजे दाखवून आलो. खांद्यात काही मोठं नाही, दुसऱ्याने फिरवल्यावर हात पूर्ण जातो, पण डावीकडच्यापेक्षा उजवीकडे वळताना माझी पाठ फारच कमी वळते असं निघालं, म्हणजे बरोबर बॅकस्विंगचीच बाजू. ताईंनी न बघता सांगितलं होतं.
घरी रोज रात्री पान उलटायचा व्यायाम करतो, आता आमची दहावीतली मुलगी पण शेजारी गादी टाकून करते, अभ्यासाने तिची पाठ धरते म्हणून. ऑफिसमध्ये दर तासाला ताठ बसून पॅन्ट्रीच्या दाराकडे वळतो. रविवारी अर्धा तास आधी निघतो. पार्किंगमध्ये चालणं, खवाटे, हात, टॉवेल, मग रुमाल दाबून बँड, मग क्लब खांद्यावर. उलटे स्विंग पाच. मोजलं घड्याळ लावून, नऊ मिनिटं लागतात. पहिल्या रविवारी काही फरक नाही. दुसऱ्या रविवारी पहिल्या होलला कळ आली पण दुसऱ्याला नाही. काल पहिल्या टीवर ड्रायव्हर वर नेला आणि वाटच बघत होतो कळ येण्याची, ती आलीच नाही, हात वर जाऊन थांबला, मला वेळ मिळाला, आणि बॉल मधोमध गेला. मी तसाच उभा राहिलो बघत. कॅडी म्हणाला, साहेब चला.

सानपाडा_सखी
वाचून इतका आनंद झाला ना!!

पाचपाखाडीकर_आजोबा
अभिनंदन. मी पण सांगतो म्हटलं होतं. वीस दिवस झाले. छाती वळायला लागली आहे, सूनबाई रोज तपासते. गाडी मागे घेताना आता मागचं नीट दिसतं. पहिले तीन होल वाईट जातातच असं मी वर लिहिलं होतं, ते मागे घेतो.

वाशीची_फिजिओ
आजोबा 🙏 दादा, तीन आठवडे म्हणजे सुरुवात आहे, सोडू नका. बँड अजून महिनाभर हलकाच ठेवा.

बंकरवीर
पुढच्या रविवारी मी पण येतो. सव्वासहाला पुटिंग ग्रीनच्या मागे. टॉवेल आणतो. एकच शंका, मी डावखुरा आहे, वर डावा खांदा म्हटलंय तिथे मी उजवा समजायचा ना?

सेव्हन_आयर्न
हो. आणि उलटे पाच स्विंग तू आमच्यासारखे मारायचे.